टॅप

इझेव्स्कच्या तळघरात, बॉयलरच्या भिंतीला लागून
मॅट पुसायचं काम माझं.

वेनियामिन लुकिच शिकवायचा फौजेतलं:
फावड्याच्या पात्याने मान कशी गाठायची,
बुटाच्या टाचेने गुडघा कसा मोडायचा,
मार बसताना श्वास कसा सोडून द्यायचा.
पोरं ऐकायची. मग पिंजऱ्यातल्या लढतीला जायची
आणि पहिल्याच फेरीत पाठीवर.

"तिथे फावडं नसतं, लुकिच," दिल्यारा म्हणाली,
"घंटा असते. पंच असतो. हातमोजे."
तो हसला. "मग ती मारामारी कसली?"
"या ना मग मॅटवर."

उतरला. एकसष्ट वर्षांचा, बनियनवर.
डोळ्यांत बोटं घालायची नाहीत, एवढंच ठरलं.
अर्ध्या मिनिटात गळ्याभोवती तिचा दंड आवळलेला.
आम्ही वाट बघत राहिलो.
त्याचे हात सैल. चेहरा बीटासारखा, मग राखेसारखा.
टॅप करेना.

तिनेच सोडलं. "मरायचंय का?"
खोकला थांबल्यावर म्हणाला,
"हे आम्हाला शिकवलंच नव्हतं."

तेव्हापासून फावडं कोपऱ्यात उभं.
श्वासाचा तास मात्र ती चुकवत नाही.
मार्चमध्ये पेर्मला, तिसऱ्या फेरीत,
बरगडीवर गुडघा बसला तेव्हा
तसाच श्वास सोडला, आणि उभी राहिली.
हरली; पण गुणांवर.

आणि लुकिच?
रात्री कुलूप लावायला जातो तेव्हा बघतो,
चहाचा ग्लास निवत चाललेला,
तो टेबलावर तीन बोटं आपटतो,
थांबतो,
पुन्हा आपटतो. जरा जोरात.