वस्त्रगाळ

एलेउतेरियोच्या दुकानात काउंटरवर तीन फिल्टर
आणि येर्कोचा डोळा त्या लालवरच.
निमुळता, क्रोमची टोपी घातलेला,
जाळीआडून दिसणारं लालभडक कापड.
"आत्या, याने आवाज येतो," म्हणाला.
बारा वर्षांच्या पोराला
एकशे दहा सीसीच्या गाडीकडून
आणखी काय हवं असतं?

मी खाणीवर पाण्याचा टँकर चालवते.
सकाळी सहाला रस्ता भिजवते,
आठला तो पुन्हा पांढरा.
कोपियापोच्या या अंगाला पाऊस म्हणजे
कुणाच्या तरी मावशीने पाहिलेली गोष्ट,
धूळ मात्र घरचीच. ती जेवायला बसते,
उशीवर डोकं टेकते,
माझ्या घड्याळाच्या काचेआत
तिने भाड्याने खोली घेतली आहे.
माझ्या टँकरचा फिल्टर पिंपाएवढा,
काढून आपटला की तवाभर माती.
तेव्हा या विषयातलं मला कळतं. थोडं.

एलेउतेरियो तोंडातली काडी एका गालातून दुसऱ्यात नेतो:
कागदी घ्याल तर गाळेल छान,
पण इथे दोन फेऱ्यांत घुसमटेल, आणि धुता येत नाही.
लाल घ्याल तर हवा मोकळी,
मग कार्बोरेटरचा जेट बदला,
नाहीतर इंजिन तापून बसेल.
आणि मोकळं दार काय फक्त हवेलाच असतं?
चुस्का आहे इथे, बाई.
(चुस्का म्हणजे आमची ती धूळ,
पाय ठेवला की घोट्यावरून पाण्यासारखी वाहणारी,
वस्त्रगाळ पिठाहून मऊ.)

तिसरा फोमचा. राखाडी.
भांडी घासायच्या स्पंजचा गरीब भाऊ.
येर्कोने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मी पिशवीतून जुना काढला.
वायेनारच्या माणसाने गाडीबरोबर दिलेला,
बोटात धरताच बिस्किटासारखा तुटला.
गाडी किती दिवस अशी
उघड्या घशाने पळत होती, कोण जाणे.
एलेउतेरियोने व्हर्नियर लावला: अडतीस.
आकडा कागदावर लिहिला आणि
उगीचच त्याखाली दोन रेघा मारल्या.

एव्हारिस्तो, माझा भाऊ, येर्कोचा बाप,
बावीस वर्षं जमिनीखाली होता.
डॉक्टरने त्याच्या छातीचा फोटो उजेडाला धरला
तेव्हा त्याने विचारलं होतं, फी किती.
हे मी दुकानात बोलले नाही.
"फोमचे दोन द्या," म्हटलं,
"एक गाडीत, एक दोरीवर. आणि तेलाची बाटली."

तिएरा अमारियापर्यंत पोरगं खिडकीकडे तोंड करून.
मीही समजूत काढली नाही.
लाल फिल्टर मलाही आवडला होता.

रविवारी अंगणात दोन बादल्या.
आधी रॉकेल, मग साबण, मग साधं पाणी,
आणि पाणी दर वेळी
दुधाच्या चहासारखं.
येर्को रागारागाने फोम पिळायला लागला,
जणू तो लाल नसल्याची शिक्षा.

दारातल्या खुर्चीवरून एव्हारिस्तो म्हणाला,
"पिळू नकोस."
थांबला. श्वास घेतला.
"फाटतो. दाब."

पोराने दाबलं.
वाळल्यावर पिशवीत घालून तेल ओतलं,
कणीक मळावी तसं मळलं,
निळं तेल सगळीकडे सारखं होईपर्यंत,
काठाला ग्रीस, मग क्लँप.
किक मारली. आवाज तोच, शिलाईयंत्राचा.
तरी तीनदा गेला टेकडीपर्यंत,
तिन्ही वेळा मागे पांढरी भिंत उभी करून.

संध्याकाळी सगळे आत गेल्यावर
भावाला मी पाहिलं: गाडीपाशी उकिडवा,
क्लँप सैल केलेला, फिल्टर मांडीवर,
आणि करंगळी
कार्बोरेटरच्या तोंडात फिरवतोय.
बाहेर काढून उजेडाला धरली.
स्वच्छ होती.
तरी त्याने ती पँटला पुसली,
सवयीने,
आणि क्लँप पुन्हा आवळत बसला,
अर्धा फेरा, मग आणखी पाव.