दाता

टक. टक. मग थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा टक.
नुकरी कान लावतो,
कलिंगड निवडणाऱ्यासारखा.
"हेड गेलंय. तबकडी शाबूत असेल."
असेल, म्हणतो. आहे, म्हणत नाही.

त्सिआलाबाई हातमोजे काढत नाहीत.
तिबिलिसीतला जानेवारी, तळघरात एकच हीटर,
तोही धूळ उडवतो म्हणून बंद.

त्याच मॉडेलची, त्याच महिन्यातली दुसरी ड्राइव्ह
जुन्या बाजारात सापडायला सात आठवडे गेले.
ती चालू होती. धडधाकट.
कुण्या बेकरीचा हिशोब तिच्या पोटात:
पीठ, मीठ, गिवीकडे तीन लारी बाकी.
नुकरीनं बाईंना वाचून दाखवला, मालकाला फोन लावला.
"नको ते," मालक म्हणाला, "बेकरीच मोडली."
मग स्क्रू फिरला.

हिचा हात काढून तिला लावायचा.
टेकवायचा नाही तबकडीवर,
तरंगत ठेवायचा,
बोटाच्या ठशाच्या जाडीहूनही खाली.
नुकरी श्वास रोखतो. बाईही रोखतात, उगाच.

चार तास फिरली, मग कायमची गप्प.
निघालं ते निघालं:
द्राक्षांची बिलं, कुणाचं तरी लग्न,
आणि एक फोटो, उजवीकडे अर्धा राखाडी.

"एवढंच जमलं."
बाईंनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.
"राखाडीत माझा दीर होता. जाऊ दे.
तसाही कुठल्या फोटोत तो धड उभा राहिलाय?"

पैसे मोजता मोजता मात्र थांबल्या:
"ते गिवीचे तीन लारी...
दिले असतील का हो त्यानं?"