मागची शीर

चप्पल कुठे पडली ते तिला कळलंच नव्हतं.
तलावाच्या पाळीपासून दवाखान्यापर्यंत
एका पायात चप्पल, एका पायात धूळ,
आणि फाटकाशी चौकीदार म्हणाला,
बाई, दुसरी कुठी हाय?
तेव्हा तिनं खाली पाहिलं.

सायत्रा मारबते. वय तिच्या मते चाळीस,
कागदावर त्रेपन्न.
धंदा शिंगाडे काढणे, जाळं विणणे.
उजवं पाऊल लोंबतं.
गावात कोणाच्या ध्यानात आलं नाही,
कारण पाण्यात सगळेच तसे चालतात,
गुडघा उंच, पाऊल सैल, चिखलाला विचारत.
डांबरावर मात्र वाजायचं,
थप्प.

मी तिला बाकावर बसवलं आणि निळ्या पेनानं
तिच्याच पायावर तिचा पाय काढला.
ही नडगी. हिच्यावर मांस नाही,
म्हणून खाटेचा कोपरा थेट हाडाला कळतो.
ही बाहेरची बारीक नळी, फिब्युला,
आणि ही गुडघ्याखाली तिची मान.
मानेला वळसा घालून एक नस उतरते,
चामडीला इतकी लागून की बोटाखाली लोळते.
ती पाऊल उचलायचा निरोप नेते.
सुतळीएवढी असायची,
तुझी झाली आहे जाळ्याच्या काठदोरीएवढी.
आधी कुठे चट्टा आला होता? सुन्न?
"कोपरावर. गजकर्ण समजली मी."

आजाराचं नाव मी सांगितलं.
तिनं हाताची बोटं
एकदा मोजून घेतली.

आता पोटरी. वरचं जाड मांस सोड.
त्याच्याही खाली, दोन हाडांना पाठीमागून चिकटून
एक स्नायू आहे, टिबिअलिस पोस्टेरिअर.
नाव लांब, काम एवढंच, पाऊल आत वळवणं.
त्याची नस वेगळी, मागून येणारी, शाबूत.
डॉक्टरीणबाई त्याची शीर पावलाशी सोडवतील,
वर ओढून घेतील,
दोन हाडांमधल्या पडद्याला खिडकी पाडून
पुढे काढतील, दोन शेंडे करतील,
आणि बोटं उचलणाऱ्या शिरांना शिवतील.
"गाठ कोनती मारतेत?"
मला ठाऊक नव्हतं.
"अन् सुटली तं?"

आतल्या घोट्यामागे धमनी असते.
तिच्यावर मी तिचंच बोट ठेवलं.
बराच वेळ ती बोलली नाही.
मग म्हणाली, "इले काहीच मालूम नाही वाट्टे."

कार्तिक प्लास्टरमध्ये गेला. शिंगाडे जावेनं काढले.
प्लास्टर कापलं तेव्हा पोटरी
वाळल्या दोडक्यासारखी.
मी म्हटलं, पाऊल उचल.
काही नाही. कपाळावर घाम तेवढा.
मग म्हटलं, उचलू नको. आत वळव,
जसा अंगठा दुसऱ्या पायाला लावायचा आहे.
तिनं वळवलं
आणि पाऊल वर आलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं,
काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याकडे पाहतात तसं.
"म्हंजे मी सांगतो एक, अन् थो करते एक?"
हो. मेंदूला जुनाच पत्ता पाठ आहे.
रोज शंभर वेळा चुकीचं सांग,
हळूहळू तेच बरोबर होतं.

तळव्याचं मी शेवटी सांगितलं.
तिथली जाण कुठल्या टाक्यानं परत येत नाही.
शिंगाड्याचा काटा रुतला तर पाणी लाल झाल्यावर कळणार.
दाढीचा एक आरसा दिला,
रोज रात्री दिव्याखाली तळवा बघायला.

माघात आली. मागून पट्ट्याची चप्पल,
पदरात उकडलेले शिंगाडे.
"घरचे म्हनतेत, तू आली ते आयकूच येत नाही."
आणि काटे?
"दोन सापडले. आरशात."
एक लय मोठा होता, म्हणाली,
आणि दोन्ही हात लांब केले,
मासा सांगताना करतात तेवढे.
मग स्वतःच हसली
आणि अंतर कमी करत करत
नखाशी येऊन थांबली.