खाल्ल्या मिठाला

तळघरात पत्र्याचा पिंजरा आहे.
आत पक्षी नाही, काचेची नळी,
टोकाशी एवढी बारीक की
केसाचे उभे हजार भाग करावेत
आणि त्यातला एक तिथून सरकवून बघावा.
अलीकडे खारं पाणी, पलीकडे खारं पाणी.
बाहेर ग्रोनिंगन सायकलींची कुलपं उघडतंय.
मी बुडबुडा शोधतेय.
सोमवार अख्खा एका बुडबुड्याने खाल्ला.

आता विजेचा ठोका देते.
पोटॅशियम उठतं, क्लोराइड उठतं,
चिंचोळ्या तोंडाशी दाटी होते.
दुसरा ठोका, तेवढाच,
पण या वेळी जास्त जण पार होतात,
कारण पहिले अजून पुरते पांगलेले नसतात.
तिसऱ्याला आणखी.
पडद्यावरची रेघ एका वाटेने जाते,
दुसऱ्या वाटेने परतते,
मधे एकदा स्वतःलाच ओलांडते.
हिल्मर म्हणतो, शिकलं!
मी म्हणते, थांब जरा.
सव्वाचार सेकंद जागलं मीठ
आणि झोपलं.

बाबा हार्लिंगनला, समुद्राच्या बांधावरच्या दारावर
एकतीस वर्षं.
भरती-ओहोटीच्या वेळा तक्ता न बघता सांगायचे.
मार्चपासून माझं नाव त्यांना लवकर सापडत नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोक्यात तरी काय असतं,
मीठ, पाणी, आणि उघडमीट करणारी दारं.
चाळीस वॅटच्या दिव्याच्या निम्म्यात
माणूस चालतो.

शनिवारी गेले.
"कोण?"
"बाउक्ये."
खिडकीकडे बघत राहिले.
पुन्हा सांगितलं, तेवढ्याच आवाजात,
पहिलं पांगायच्या आत.
चहा निवला.
तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाले,
"ओहोटी लागली, बाउक्ये. दार उघड."

कुठलं दार, ते विचारलं नाही मी.
उठून स्वयंपाकघराचं उघडलं.
त्यांनी मान हलवली. बरोबर होतं बहुतेक.

नोंदवहीत एक रकाना आहे:
आठवण टिकली किती.
हिल्मरचं गणित सांगतं,
नळी दुप्पट लांब केली तर चौपट टिकेल.
मी काच ज्योतीवर धरते.
मऊ होईतो थांबते, मग ओढते,
हळू, आणखी हळू.
तुटते.

दुसरी घेते.