शिरका

रामबागेतल्या शिबिरात खुर्च्या कमी पडल्या.
बायका फायली घेऊन आल्या होत्या,
कुणाची दुसरी वेळ, कुणाची चौथी,
एकीने तर लेकीला पुण्याहून मुद्दाम बोलावून घेतलेलं.
मी खुणा करत गेले. पेन संपलं.

बाणगंगेला, रुळांच्या पलीकडे,
साठ चिठ्ठ्या वाटल्या. चौघी आल्या.
त्यातली एक नुसतं बीपी बघून गेली.

साहेबांनी अहवालात लिहिलं:
जागरूकतेचा अभाव.

मी चिठ्ठ्यांच्या मागावर निघाले.
एक गॅसच्या पुस्तकात निघाली,
एकीच्या पाठीवर दुधाचा हिशेब.
सुगराबीने तिची भिंतीला लावली होती, उलटी.
वाचता येत नाही, पण शिक्का आहे म्हणाली,
शिक्क्याचा कागद टाकू नये.

गेंदाबाईला सगळं ठाऊक होतं.
थोरली जाऊ त्यातच गेली तिची.
‘शेवेच्या कारखान्यात साडेआठला आत, सातला बाहेर.
तुमची गाडी अकराला येते, तीनला जाते.’
मी म्हटलं, अगं, तपासणी फुकट आहे.
ती हसली. पापण्यांवर बेसन.
‘फुकट कशी? दीडशे रुपये कापतात अर्ध्या दिवसाचे.’

मग मी समजावू लागले,
शिरका लावतात, एक मिनिट थांबतात,
पांढरं उमटलं तर पुढचं बघायचं.
एक मिनिट फक्त.
ती ऐकत होती, हातावरचं पीठ खरवडत.
मग विचारलं, ‘ने तमारी हुई कंई, बई?’

अकरा वर्षं नावं भरतेय मी.
भरणारीसाठी त्या कागदावर रकाना नाही.

गुरुवारी रात्री आठला गाडी फाटकापाशी लावली.
ड्रायव्हर कुरकुरला, त्याला चहा पाजला.
पडदा म्हणून मांडववाल्याची कनात, लाल-पिवळी,
आत लिसम्मा सिस्टर, एक दिवा, शिरक्याचा वास.
पहिल्या मी चढले.

बाहेर बायका घड्याळ बघत होत्या माझ्यासाठी.
मालगाडी गेली, सगळी गाडी थरथरली,
सिस्टर म्हणाली, हलू नका.
किती लांब असतं एक मिनिट,
ते मी इतक्या जणींना
किती सहज सांगत आले.

माझ्याशिवाय सतरा आल्या.
तिघींना पुढे पाठवायचंय, मोठ्या दवाखान्यात,
तिथली वेळ पुन्हा दहा ते एक.

उरलेल्यांची यादी पिशवीत आहे.
काहींचा पत्ता नुसताच:
नळाजवळ.