पोटात पाय

मुरगाबच्या अलीकडे अक-बैताल खिंड.
तिथली हवा चौथ्यांदा पाणी घातलेल्या ताकासारखी.
काडेपेटीची काडीसुद्धा
पेटावं की नाही, याचा विचार करते.

जुना ट्रक चढावर काळा धूर ओकायचा.
डिझेल पोटभर, श्वास अर्धा,
जळेल कसं?
माझा बाप नवरुझशो खाली उतरून
त्याच्याशी हलक्या आवाजात बोलायचा,
आणि ओशहून निघालेलं पीठ
याकांच्या मागे मागे घरी यायचं.

मग तोक्तोबेक उस्तादाने इंजिनाला
एक लोखंडी गोगलगाय जोडली.
मला म्हणाला, हिच्या पोटात पाय आहेत, पोरी.
चाकं दोन, दांडा एक.
अलीकडच्या चाकावर आदळतो धूर,
आपण नळीतून हाकलून देतो तोच,
तापलेला, चिडलेला, घाईत असलेला.
त्याला म्हणायचं,
जातोसच आहेस, तर जाता जाता एवढं फिरवून जा.
ते फिरलं की पलीकडचंही फिरतं,
मिनिटाला लाखभर वेळा,
आणि बाहेरची विरळ हवा
मुठी मुठीने दाबून आत कोंबतं.
दाबलेली हवा तापते,
म्हणून वाटेत एक जाळी, तिला निववायला.
कोंड्याचा मांडा म्हणतात तो हाच.

पण लगेच नाही.
बाप पाय दाबायचा आणि काहीच व्हायचं नाही.
मी मोजायचे. एक. दोन.
अडीचला बॉनेटखालून शीळ यायची
आणि माझी पाठ सीटला चिकटायची.
धुराकडून येणं आहे, बाप म्हणायचा,
वसुलीला वेळ लागणारच.

इंजिन तेवढंच. पोती आठ जास्त.
डिझेलचं पिंप एक मुक्काम पुढे जायचं.

बाप मात्र होता तसाच.
टायर बदलताना दोनदा थांबायचा,
छातीवर हात.
त्याने सोडलेला श्वास, पांढरा,
कशालाच न फिरवता
डोंगराकडे निघून जायचा.

घरी पोचल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही.
उस्तादाचा हुकूम, तीन मिनिटं.
दांडा अजून गरगरतोय, त्याला तेल मिळू दे,
नाहीतर जागच्या जागी जळून बसेल.
आत ओयमो, माझी आई,
ती घुरघुर ऐकून चुलीत तेरेस्केनची मुळं सारायची,
शीरचोयमध्ये मीठ टाकायची.
बाप अंधारात, हात स्टिअरिंगवर.
मीही उतरायचे नाही.