उत्तरसूचीत तीन

टीव्हीवर मी आज माझा पंचा टाकला.
मारोती म्हणाला, "सर, टीव्हीला ऊन लागलं काय?"
लागलंच होतं म्हणा.
मुखेडच्या पुढं, फाट्यावर उतरून चालत यावं
अशी आमची दोन खोल्यांची शाळा;
मार्चातच पत्र्यावर भाकरी भाजावी.
लाईट अकराला जाते,
म्हणून इंग्रजी साडेदहाला.

प्रशिक्षणात सांगितलं होतं,
आधी चित्र दाखवू नका, आधी कान उघडा.
चित्र दिसलं की लेकरं ओठ बघतात, कोट बघतात
आणि ऐकणं राहून जातं.
मी वहीत लिहून घेतलं, दोनदा अधोरेखित.
तेव्हा बाजूचा मास्तर काहीतरी विचारत होता मला.
काय, ते आठवत नाही.

पंच्याखाली इंग्रजी सुरू झाली.
कुठलंसं चहाचं दुकान. कुणी साखर विचारतं,
कुणाची गाडी चुकलीय, कुणी उगाच हसतं.
घाईची, इस्त्री केलेली इंग्रजी.
प्रश्न पहिला : खोलीत माणसं किती?

"दोन," तौसीफ.
"तीन. एक बाई खोकली की," गोदी.
सायन्ना बोटं मोजत तिनावर थांबला.
उत्तरसूचीतही तीन. मी फळ्यावर लिहिलं.

"चार," जमनी म्हणाली.
तांड्यावरची जमनी.
वर्षभरात तिचा आवाज हजेरीपुरता.
"चौथं कोण बोललं?"
"बोलंना ती. भांडे घासलालीय."

पुन्हा लावलं. पुन्हा.
तिसऱ्यांदा मला ऐकू आलं,
तेही ती "आता" म्हणाली म्हणून :
'शुगर' आणि 'सॉरी'च्या मधल्या फटीत
पाणी, आणि बशीवर बशी.

पंचा काढला.
टेबलाशी तिघं. आणि पार कडेला,
चौकटीनं अर्धी कापलेली एक पाठ,
एप्रनची गाठ, हलणारं कोपर.
तिला एकही वाक्य नव्हतं.
शेवटी नावं खालून वर सरकली.
त्यात ती होती का, मला वाचता आलं नाही,
फार भरभर गेली.

"तुला कसं गं कळलं?"
जमनीनं माझ्याकडं असं पाहिलं
की पहिलीत मीच बसलोय.
मग हनुवटीनं भिंत दाखवली.

भिंतीपलीकडं सक्रीबाई, तिची माय,
खिचडी चढायच्या आधी
राखेनं पातेलं घासत होती.
सहा वर्षं मी या खोलीत शिकवतोय.
सहा वर्षं, याच तासाला.

अकरा वाजले. लाईट गेली.
टीव्हीच्या काळ्या काचेत आम्ही सगळे दिसलो,
जरा वाकडे.
कुणी उठलं नाही.
पलीकडं पाणी ओतलं गेलं, झाकण कलंडलं,
आणि तौसीफ हळूच म्हणाला, "सर, दुसरं पातेलं."

फळ्यावरचा तीन मी पुसला नाही.
त्याच्याखाली चार लिहिला.
केंद्रप्रमुख आले तर काय सांगायचं
ते अजून ठरलेलं नाही.